निकालाआधी गुलाल

"अमे, उतर खाली! आबा आले!"

मी दबक्या आवाजात ओरडले खरी, पण उशीर झाला होता. तालमीमागच्या कडुलिंबाच्या फांदीवर पोटावर पडून माझी बारा वर्षांची पोरगी वरच्या झरोक्यातून आतली कुस्ती बघत होती. आणि माझे सासरे, म्हणजे तालमीचे वस्ताद तातोबा मगदूम, बरोबर तिच्या खाली येऊन उभे राहिले होते.

"काय करायलीस वर?"

"डाव बघायलोय, आबा. राजानं ढाक चुकीची मारली. पाय आत घालाय पाहिजे हुता."

आमच्या शिरोळ भागात पोरीबाळी 'बघतो, जातो' असंच बोलतात. तेव्हा कार्टीचं बोलणं नका बघू, तिची हिंमत बघा. आबांनी मिशीचं टोक दातात धरलं. ते तसं करतात तेव्हा समोरच्याचं बरोबर असतं आणि ते त्यांना कबूल करायचं नसतं, हे चौदा वर्षं सून म्हणून वावरल्यावर मला कळत होतं.

"मला घ्या की तालमीत," अमृता फांदीवरूनच म्हणाली.

तालमीच्या कट्ट्यावर बसलेली झाडून सगळी मंडळी हसली. सगळ्यात मोठ्यानं हसला बंडा चौगुले. बंडा म्हणजे आबांचा उजवा हात. तोंड उघडलं की आवाज नदीपलीकडच्या गावात जायचा.

"तालमीत बाई न्हाई," आबा म्हणाले. "आजवर न्हाई, पुढं बी न्हाई."

हे मला कुणी नव्यानं सांगायला नको होतं. लग्नाच्या पहिल्याच महिन्यात मी पैलवानांना चहाची किटली घेऊन गेले होते आणि उंबऱ्याच्या आत एकच पाऊल टाकलं होतं. आतून आबांचा आवाज आला, "तिथंच थांब! माती बाटती." किटली तिथंच ठेवून मी जी मागं फिरले, ती परत त्या दाराकडं मान वर करून बघितलं नाही. पण त्या दिवशी माझ्या लेकीला सगळा कट्टा हसला, आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"वैनी, कुस्ती म्हंजे दमाचं काम," बंडा मला समजवायला लागला. त्याच्या मांडीवर पेपर होता. "हे बघा, मुंबईची मॅरेथॉन. बेचाळीस किलोमीटर. इथनं पळाय लागलं तर कोल्हापूर यायचं. हाय का एखाद्या बाईच्यात एवढा दम?"

"मी पळतो," मी म्हणाले.

पदर डोक्यावर, मान खाली आणि तोंडातून हे वाक्य! माझं मलाच खरं वाटेना. कट्टा परत हसला. आबा हसले नाहीत.

"किती पळशील?"

"सगळं."

"सगळं म्हंजे सगळं. मधी बसायचं न्हाई, कुणाचा आधार घ्यायचा न्हाई, एक पाऊल कमी चालायचं न्हाई. कबूल?"

"आणि पळालो तर?"

"तर तालीम पोरींना उघडी. न्हाई पळालीस तर ही परत झाडावर दिसाय नको. तालमीचं नाव काढायचं न्हाई."

वस्तादानं शब्द दिला होता. बंडा म्हणाला, "आबा, चेष्टा चेष्टात कशाला..."

"मी चेष्टा करत नसतो," आबा म्हणाले आणि आत गेले.

या गोष्टीला आता सतरा वर्षं होतील.

घरी आल्यावर माझे मालक, बाळासो, कपाळाला हात लावून बसले. "अगं, घरात विचारून तरी! बेचाळीस किलोमीटर मी मोटारसायकलवर जातो तर कंबर धरती." पण माणूस सोन्यासारखा. दुसऱ्या दिवशी पहाटे स्वतःची ट्रॅकपँट माझ्यापुढं टाकली आणि कुत्री मागं लागू नयेत म्हणून काठी घेऊन सायकलवर माझ्या मागून निघाले.

आमच्या गावात बाई पळते ती फक्त कुणीतरी गेल्यावर नाहीतर म्हैस सुटल्यावर. त्यामुळं पहिल्या दिवशी तिघांनी मला अडवलं. "वैनी, कोण गेलं?" चौथी, माळ्याची म्हातारी, तर मला बघूनच रडायला लागली. तिला समजवता समजवता त्या दिवसाचं पळणंच राहिलं. हळूहळू लोकांना सवय झाली. कॅनॉलचा रस्ता, मग शेजारचं गाव, मग कारखान्यापर्यंत. मी शाळेत पोरांची खिचडी शिजवायचे. तिथल्या मॅडमनी मुंबईला माझं नाव घातलं, बुटांची माहिती काढली. वर्षभरात माझ्या पायाची नखं दोनदा काळी पडून गेली आणि परत आली.

आबा या सगळ्यात एक शब्द बोलले नाहीत. फक्त पावसाळा संपल्यावर माझ्या जेवणात रोज खारका-बदाम घातलेलं दूध यायला लागलं. पैलवानांसाठी जे दूध उकळायचं त्यातलाच एक तांब्या. सासूबाई म्हणाल्या, "मला काय इचारू नकोस. पाठवलंय, पी."

जानेवारी आला आणि सगळं गाव मुंबईला निघालं. सगळं म्हणजे एक ट्रॅक्स जीप आणि मागं एक टेम्पो. टेम्पोत दहा-बारा पैलवान, सदा हलगीवाला, शेंगदाण्याच्या चटणीचे डबे, भाकरीची चळत आणि गुलालाचं पोतं. कधी नव्हे ते बंडा सगळ्यात हौशी झाला होता. मी हरणार म्हणून त्यानं वर्षभर कट्टा गाजवला, पण मुंबई जवळ आली तसा पार फिरला. "आता गावाच्या इज्जतीचा प्रश्न हाय!" म्हणून पोतं त्यानंच आणलं.

आबा ट्रॅक्समध्ये पुढं बसले. फेटा, पांढरी पैरण, धोतर. त्यांनी पोत्याकडं बघितलं. "बंडा, ध्यानात ठेव. निकालाआधी गुलाल उधळलेला मला चालत न्हाई." हे त्यांचं जुनं तत्त्व. एकदा पंचांनी हात वर करायच्या आधीच पोरांनी गुलाल उधळला, तर त्यांनी स्वतःच्याच जिंकलेल्या पठ्ठ्याला नदीत उभं करून धुऊन काढलं होतं.

सगळ्या वाटेत आबा पैरणीच्या खिशावरून हात फिरवत होते. खिशात कसली तरी फडक्याची पुरचुंडी होती. तंबाखू म्हणावी तर माणूस निर्व्यसनी. औषध असेल म्हणून मी सोडून दिलं.

आणि मग ती सकाळ! काय सांगू तुम्हाला. एवढी माणसं मी जत्रेतसुद्धा बघितली नव्हती. मोठ्या मोठ्या दगडी इमारतींच्या मधल्या रस्त्यावर नुसता माणसांचा लोंढा. म्हातारे होते, गोरे होते, एक जण नवरदेवाच्या वेशात होता. सगळे जागच्या जागी उड्या मारत होते. मला वाटलं, इथं सगळेच खुळे आहेत, म्हणजे मी एकटी नाही. लई बरं वाटलं. माझ्या अंगात नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, खाली ट्रॅकपँट, डोक्यावर अमीची शाळेची टोपी, छातीवर नंबर.

भोंगा वाजला आणि आम्ही सुटलो.

मी गावात कायम एकटी पळाले होते. हजार माणसांत पळताना पाय आपोआप पडतात हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. डाव्या हाताला समुद्र, वर आभाळ फटफटायला लागलेलं, आणि रस्त्याच्या कडेला लोक टाळ्या वाजवतायत. कुणासाठी? माझ्यासाठी! एक बाई गच्चीतून ओरडली, "कम ऑन आंटी!" मला जन्मात पहिल्यांदा कुणीतरी आंटी म्हणालं. पोरं संत्र्याच्या फोडी देत होती, बिस्किटं देत होती. मी आधी घेईना, मग कळलं फुकट आहे. पुढं एकही ताट सोडलं नाही.

पेडर रोडचा चढ मी गाणं म्हणत चढले. भोंडल्याचं. शेजारून पळणारा एक टकलू गृहस्थ म्हणाला, "बाई, श्वास वाचवा." मी म्हणाले, "भरपूर हाय!"

असा माज होता. तो उतरला परतीच्या वाटेवर. ऊन डोक्यावर आलं आणि माझ्या मांड्या जागच्या जागी आखडल्या. आता आजूबाजूला माणसं विरळ झाली होती. कुणी चालत होतं, कुणी फुटपाथवर बसून पाय दाबत होतं. आणि मागं वळून बघितलं तर लांबवर एक पिवळी बस येत होती. मॅडमनी तिच्याबद्दल बजावलं होतं. ती मागून मागून येते. तिनं गाठलं की चढायचं, की रस्ता गाड्यांना मोकळा आणि शर्यत खलास.

बसलेला एकेक माणूस उठून बसमध्ये चढत होता. तो टकलू गृहस्थही चढला. खिडकीतून मला हात जोडले बिचाऱ्यानं.

मी स्वतःला म्हणाले, माले, पोरगी झाडावर चढली होती. तू एवढं सपाट रस्त्यावर पळ. पाय उचलत नव्हते तर घासत निघाले, पण थांबले नाही. हाजीअली गेलं, चौपाटी गेली, आणि परत समुद्राकाठचा तो लांबलचक रस्ता लागला. बस मागं बरीच राहिली होती. मला हिशेब जमत होता. अशीच गेले तर पोचते!

तेवढ्यात कानावर हलगी आली.

आई शप्पथ सांगते, त्या आवाजानं पायात वारं भरलं. पुढं रस्त्यावर एक निळी कमान होती आणि कमानीच्या अलीकडं आमचं सगळं गाव. फेटे, हलगी, नाच. अमी सगळ्यांच्या पुढं उड्या मारत होती, "आई! आई!" मी हसत हसत त्यांच्याकडं पळाले. आणि कमान चार पावलांवर असताना बंडा चौगुलेनं आरोळी ठोकली.

"आली रं आली! वाघीण आली! उधळा!"

पोतंच्या पोतं गुलाल माझ्यावर आलं. डोळ्यांपुढं सगळं गुलाबी. मी तोंड पुसते तोवर चार पैलवानांनी मला उचललं आणि खांद्यावर घेतलं. सदाची हलगी कडाडली आणि मिरवणूक निघाली. कमानीखालून गेली, पुढं गेली, नाचत नाचत निघालीच.

ती कमान शेवटची नव्हती हो! कुठल्यातरी कंपनीची जाहिरातीची कमान. शेवट अजून तीनेक किलोमीटर लांब, पार आत फोर्टात. पण आमच्या लोकांनी शर्यती बघितल्या त्या बैलांच्या, आणि तिथं कमान एकच असते.

"खाली सोडा! संपलं नाही अजून!" मी बोंबलत होते. "अरे, सोडा मला!"

हलगीपुढं कुणाला ऐकू जातंय? खालून एक जण म्हणाला, "रडू नका वैनी, आनंदाचा दिवस हाय!" मी त्याच्या फेट्यावर बुक्क्या मारायला लागले, तर त्याला वाटलं मी ताल धरलाय. बाळासो गर्दीत उड्या मारून काहीतरी सांगत होते, त्यांनाही दोघांनी उचललं. माझ्या डोळ्यांसमोरून लाइटीचा एक खांब गेला, दुसरा गेला, तिसरा गेला.

"थांबा!"

आबा रस्त्याच्या मधोमध उभे होते. हलगी एकदम बंद पडली.

"खाली ठेवा तिला."

त्यांनी मला खाली ठेवलं. आबा समोर दिसताच माझा हात सवयीनं पदर घ्यायला डोक्यावर गेला. डोक्यावर गुलालानं भरलेली टोपी.

"आबा, ही शेवटची कमान नव्हती," मी म्हणाले. मला रडू फुटलं. "अजून पुढं हाय."

बंडाचं तोंड एवढंसं झालं. पाणी वाटणारी एक कॉलेजची मुलगी धावत आली, भली पोर होती. "काकू, काही नाही होत. जा तुम्ही पुढे, पळा. थोडंसंच तर उचललं. कोण बघतंय!"

"मी बघतोय," आबा म्हणाले.

आणि त्यांनी माझं मनगट धरलं. पंधरा वर्षांत सासऱ्यांचा हात सुनेच्या हाताला लागला नव्हता. आमच्यात समोर बसून जेवणंसुद्धा नाही. त्यांनी मनगट धरलं आणि मागं वळले. मागं! ज्या दिशेनं बस येत होती त्या दिशेला, भराभर, धोतराचा सोगा एका हातात धरून.

"आबा, बस हाय तिकडं! बसनं गाठलं की संपलं!"

"चल."

"आबा, पाया पडतो तुमच्या!"

"एक पाऊल कमी न्हाई म्हणलो हुतो. किती पावलं खांद्यावरनं गेली तुझी?"

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला त्या म्हाताऱ्याचा एवढा राग आला की समुद्रात ढकलून द्यावंसं वाटलं. वर्षभर दूध पाठवलं आणि आता बरोबर पेच टाकला, असं मनात आलं. याला तालीम उघडायचीच नाही. याला मी हरायलाच हवी आहे. मागून अमी रडत रडत पळत होती, "आबा, सोडा की तिला! आबा!"

तिसरा खांब, दुसरा खांब, पहिला. कमानीखालून आम्ही उलटे गेलो. रस्त्यावर गुलालाचा मोठा डाग पडला होता. आबांनी मला बरोबर त्या डागाच्या मागं आणून उभं केलं. आणि बस? बस आली होती. ब्रेकचा आवाज माझ्या पाठीत घुसला. दारातून एक जण उतरला.

"मावशी, चला. वेळ संपत आलीय. बसा आत."

आबांनी माझं मनगट सोडलं. "हितनं उचललं हुतं. हितनं जा," ते म्हणाले.

बंडा चौगुले आमच्या मागून धापा टाकत आला होता. त्यानं एकदा गुलालाकडं बघितलं, एकदा बसकडं. मग तो चटकन बसच्या पायरीवर चढला आणि दारातच उभा राहिला. "साहेब, ही गाडी कोल्हापूरला जाती का?"

"अहो, ही मॅरेथॉनची बस आहे!"

"मग मिरजंला तरी?" मागून एकेक पैलवान चढायला लागला. एकेकाचं वजन शंभर किलो, दार अडीच फुटांचं. "पाय लई दुखायलंत साहेब. जरा दम धरा. अय राजा, आडवा हो आडवा, तसा न्हाई मावायचास!"

आबांनी तिकडं पाठ केली आणि समुद्राकडं बघत उभे राहिले.

मी पळाले.

कुठून आलं ते बळ, मला आजही सांगता येणार नाही. राग होता, लाज होती, गुलाल डोळ्यांत जाऊन झोंबत होता. कमान गेली. पहिला खांब, दुसरा, तिसरा. मग सदा हलगीवाला फुटपाथवरून माझ्या बरोबरीनं पळायला लागला, आणि पळता पळता त्यानं कुस्तीची हलगी धरली. मैदानात जोड सलामीला उतरली की वाजवतात ती. गावात त्या हलगीवर मी कधी मैदान बघितलं नव्हतं, बायका बघत नाहीत. त्या दिवशी ती माझ्यासाठी वाजत होती!

"आई, पाय उचल! हात हलव!" फुटपाथवर अमी. तिचं वस्तादपण तेव्हाच सुरू झालं होतं. बाळासो हातात माझी चप्पल घेऊन पळत होते, कशासाठी ते त्यांनाही माहीत नव्हतं. उरलेले पैलवान फेटे सांभाळत पुढं सुटले. टॅक्सीवाले थांबून बघत होते, बाल्कनीतून माणसं ओरडत होती, आणि मी रडत, हसत, गुलालाचा घाम गाळत पळत होते.

थोड्या वेळानं मागून हॉर्न वाजला. बस आली होती माझ्या पाठीशी. मी दचकून वळून बघितलं तर पुढच्या सीटवर, काचेला नाक लावून, आबा. हाताची घडी, मिशीचं टोक दातात. त्यांच्या मागं टकलू गृहस्थ, बंडा आणि सगळे दमलेले लोक. ते खिडकीतून टाळ्या वाजवत होते. ड्रायव्हर हलगीच्या तालावर हॉर्न देत होता. दारातला माणूस मला ओरडून म्हणाला, "पळा मावशी! आम्ही मागं आहोत!"

बसनं मला गाठलं नाही. गाठायचं नाही असं बसनंच ठरवलं होतं.

शेवटचं वळण घेतलं आणि समोर ती खरी कमान दिसली. मोठी, लाल, हवा भरलेली. आणि माझ्या डोळ्यांदेखत ती वाकली! वेळ संपली होती. माणसं दोऱ्या सोडत होती, हवा काढत होती. कमान मधोमध खाली यायला लागली, म्हातारी कमरेत वाकावी तशी.

"अय! थांबा! आमचं माणूस यायचंय!"

पुढं गेलेले पैलवान त्या कमानीवर तुटून पडले. चौघे या बाजूला, चौघे त्या बाजूला. खांदे लावले आणि ती कमान वर उचलून धरली. मघाशी ज्यांनी मला खांद्यावर घेतलं, तेच हे. एकाच्या डोक्यावर कापड पडलं होतं, आतून त्याचा आवाज येत होता, "वैनी, या! या लवकर, लई जड हाय!"

मी त्या लोंबत्या कमानीखालून, माझ्या दोन पायांवर पलीकडं गेले. मग मी रस्त्यावरच बसले.

बस आली. आबा उतरले. सगळे माझ्याभोवती गोळा झाले. संयोजकांपैकी एक जण ओशाळून म्हणाला, मेडलची खोकी गाडीत गेली, पत्ता द्या, पाठवतो. ते मेडल पुढं पोस्टानं आलं. असेल घरात कुठल्यातरी डब्यात.

"मेडल न्हाई?" बंडा घाबरून म्हणाला. "मग आबा, आता निकाल काय?"

आबांनी कमानीकडं बघितलं, मग माझ्या पायांकडं.

"निकाल लागला. गुलाल आण."

बंडानं रिकामं पोतं झटकलं. "आबा, गुलाल... मघाशीच सगळा..."

"तरी सांगितलं हुतं," आबा म्हणाले.

त्यांनी खिशातली पुरचुंडी काढली आणि गाठ सोडली. मला आधी वास आला. तेल, ताक आणि हळद मुरलेल्या मातीचा. पंधरा वर्षं त्या भिंतीजवळून जाताना येणारा वास. तालमीची माती होती ती.

"आबा," बंडा हळूच म्हणाला, "ती माती..."

"मातीचं मी बघतो."

आबा माझ्यापुढं उकिडवे बसले आणि अंगठ्यानं ती माती माझ्या कपाळाला लावली. दाबून, पैलवानाला लावतात तशी. मी विचारलं, "हरलो असतो तर, आबा?"

"तर न्हेली असती परत. वझं हाय व्हय चिमूटभर मातीचं?" मग आवाज खाली आणून, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले, "खांद्यावरनं आलेली सून म्हणून जलमभर बोट दाखवलं असतं तुला. ह्या बंडानंच दाखवलं असतं. आता कुणाची टाप हाय?"

मी वाकून त्यांच्या पायाला हात लावला, गुलालाचे डाग धोतरावर उमटले. आबांनी फडकं परत बांधायला घेतलं. मग थांबले आणि अमीकडं वळले. ती नाक ओढत उभी होती. उरलेली माती त्यांनी तिच्या कपाळाला लावली आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"परवापासनं पोरींची तालीम पहाटे पाचला. उशिरा येईल तिला शंभर बैठका. आणि तू, परत झाडावर दिसाय नको. ढाक शिकायची तर दारातनं यायचं."